मिटलेलं फूल, अडकलेली जनुकं

उत्साही : धान निसवला की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास लोंबीजवळ डोळे नेऊन बघावं. एकेक फूल जेमतेम तासभर उघडं राहतं. सहा परागकोश बाहेर लोंबतात आणि वाटतं, आता वारा यांचे पराग शेजारच्या बांधीत नेणार. पण तोवर काम झालेलं असतं. परागकोश फुटतात ते फूल उघडण्याच्या क्षणी किंवा त्याच्या किंचित आधी, आणि पराग पडतात ते त्याच फुलातल्या दोन केसाळ कुक्षींवर. बाहेर उडालेला परागकण काही मिनिटांत निकामी होतो. शंभर दाण्यांत एखादा दाणासुद्धा परक्या परागाचा सापडणं अवघड. विदर्भातल्या सिंदेवाही-नागभीडच्या पट्ट्यातला सगळा धान असा स्वतःशीच फळत आला आहे. त्याच शिवाराच्या कडेला मोह उभा असतो. त्याची कुक्षी कळी उमलण्याआधीच बाहेर डोकावते. स्वतःचे पराग मोकळे होण्याआधी ती परके पराग घ्यायला तयार असते, आणि ते आणून द्यायला रात्री वटवाघळं येतात. माझं म्हणणं असं, की या दोन सवयींचा परिणाम फुलापुरता राहत नाही. तो पिढ्यानपिढ्या डीएनएच्या अक्षरांत उतरतो. कोणतं उत्परिवर्तन टिकेल, कोणतं गळेल, कोणतं जनुक कुणाच्या सोबतीनं पुढे जाईल, यात फुलाच्या या सवयीचा फार मोठा वाटा असतो.

साशंक : धान आणि मोह शेजारी उभे केले की चित्र छान दिसतं, पण तुलना तिथेच फसते. धान चार-पाच महिन्यांत संपतो, मोह माणसाच्या तीन पिढ्या पाहतो. २००८ साली स्मिथ आणि डोनह्यू या दोघांनी सपुष्प वनस्पतींच्या अनेक कुळांत दाखवलं, की झाडझुडपांपेक्षा अल्पायुषी वनस्पतींच्या डीएनएत बदल लवकर साचतात. धानाच्या जनुकांत मोहापेक्षा वेगळं काही दिसलं, तर त्याचं श्रेय मिटलेल्या फुलाला द्यायचं की दरवर्षी नव्यानं उगवण्याला? शिवाय मोह जंगलात आणि धान माणसाच्या हातात. आलापल्लीचा साग घेतलात तरी तीच अडचण. तोही परपरागणाचा, तोही दीर्घायुषी. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं मी मानणार नाही. फूल मिटल्यामुळे जनुकाच्या वाटचालीत नेमकं काय बदलतं, ते पायरी पायरीनं सांगा.

उत्साही : तर मोह बाजूला ठेवू आणि फक्त धान घेऊ. एका रोपात शंभर ठिकाणी आईकडून आलेलं अक्षर वेगळं आणि बापाकडून आलेलं वेगळं आहे असं धरा. ते रोप स्वतःशीच फळलं, की पुढच्या पिढीतल्या एकेका रोपात अशी ठिकाणं सरासरीनं पन्नास उरतात. त्यापुढे पंचवीस, मग साडेबारा. सहाव्या पिढीत दोनसुद्धा नाहीत. याचं सर्वांत मोठं उदाहरण इथलंच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेला, दीड एकराचा शेतकरी. १९८३ साली त्यांना ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पिशवीत जपल्या, पुढच्या वर्षी बांधीच्या मधोमध लावल्या, रानडुकरांपासून राखण्यासाठी भोवती काट्या रोवल्या. दर हंगामात निवड करत त्यांनी बी वाढवत नेलं. नव्वदच्या सुमारास तो बारीक, मऊ भाताचा धान तळोधीच्या बाजारात आला आणि त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाच्या नावानं ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९८ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित केलं. आता विचार करा. प्रयोगशाळा नाही, फुलांवर बांधायच्या पिशव्या नाहीत, चारही बाजूंना पटेल-३ उभा, तरीही पाच-सहा वर्षांत वाण स्थिर झालं. दादाजींची नजर आणि चिकाटी यांना तोड नाहीच. पण ती नजर फळाला आली, कारण धानाच्या फुलानं आपलं दार लावून घेतलं होतं. मोहाच्या बाबतीत हे होत नाही. एका झाडाचं फूल गोड म्हणून त्याची बी रुजवली, तर नव्या झाडाचं फूल तसंच गोड निघेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

साशंक : दादाजींविषयी तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण तुम्ही सांगितलंत ते वाण घडण्याबद्दल. जनुकांच्या उत्क्रांतीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. किंबहुना उलटच. योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०३ मध्ये घेवड्याच्या शुद्ध वंशांवर काम करून दाखवलं, की एका शुद्ध वंशातले मोठे दाणे निवडले काय नि लहान निवडले काय, पुढच्या पिढीची सरासरी तीच राहते. फरकच उरला नसेल तर निवडीला धरायला काही नसतं. मग मिटलेलं फूल उत्क्रांती घडवतं म्हणायचं की तिला खीळ घालतं? आणखी एक. त्या तीन लोंब्या आल्या कुठून? पटेल-३ च्या बियाण्यातच दुसऱ्या वाणाची भेसळ होती का? एखाद्या रोपात नवं उत्परिवर्तन झालं होतं का? की मागच्या एखाद्या हंगामात चुकून परका पराग येऊन नैसर्गिक संकर झाला आणि त्याच्या संततीतून त्या वेगळ्या निघाल्या? हे तिसरं खरं असेल, तर तुमच्या सर्वांत मोठ्या उदाहरणातला नवेपणा आला तो दार उघडं राहिल्याच्या एका दुर्मिळ क्षणातून. फुलाच्या मिटण्यानं फक्त तो जपला.

उत्साही : तिसरी शक्यता मला मुळीच अडचणीची वाटत नाही, ती मला हवीच आहे. क्वचित उघडणं आणि मग लगेच मिटणं, हीच धानाची रीत आहे. पण मिटण्याचं काम फक्त जपण्याचं नाही, ते दाखवण्याचंही आहे. बरेचसे नवे बदल अप्रभावी असतात. जोडीतल्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच ते डोळ्यांना दिसतात. समजा एखादा बदल शेतातल्या शंभरातल्या एका प्रतीत आहे. सगळी झाडं परपरागणाची असतील, तर दोन्ही प्रती बदललेलं झाड दहा हजारांत एक सापडेल. पूर्ण स्वपरागण असेल तर जवळजवळ शंभरात एक. निसर्गाला काय आणि शेतकऱ्याला काय, निवड करायची तर आधी ते दिसायला हवं. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेननं १९२७ मध्ये मांडलं होतं, की अप्रभावी उपकारक बदल सुरुवातीलाच हरवून जाण्याची शक्यता फार असते. ते एका चाळणीतून गळतात. स्वपरागण ही चाळणीच काढून टाकतं. धानाच्या जनुकांत याच्या खुणा बघा. जंगली धानाचा दाणा लाल असतो. आपल्या ताटातला भात पांढरा झाला तो ‘आरसी’ या जनुकातली १४ अक्षरं गळाल्यामुळे, आणि हा बदल अप्रभावी. बुटक्या धानाचा ‘एसडी-१’ हा बदलही अप्रभावी. त्यात जनुकाचा ३८३ अक्षरांचा तुकडा गेला आहे. त्याच्या जोरावर १९६६ साली ‘आयआर-८’ आला आणि आशियाभर पीक वाढलं. सुगंधी तांदळातला सुवास देणारा बदल, ‘बीएडीएच-२’ मधली आठ अक्षरांची गळती, तोही अप्रभावी. परपरागणाच्या पिकात हे बदल शेतकऱ्यांच्या नजरेला पडायला किती शतकं लागली असती, याचा विचार करून पाहा.

साशंक : म्हणजे स्वपरागण हे वरदानच झालं. नको ते अप्रभावी बदलही असेच उघडे पडतील आणि मरून जातील. डार्विननं अकरा वर्षं रोपं वाढवून १८७६ साली पुस्तक लिहिलं आणि स्वतःशी फळवलेली संतती बहुधा दुबळी निघते हे दाखवलं. पण धान पाहा. हजारो वर्षं स्वतःशी फळतोय आणि दुबळा दिसत नाही. जीवघेणे दोष केव्हाच चाळून गेले असले पाहिजेत. मग अडकलेली जनुकं, साचलेले दोष, असं जे तुम्ही मागं एकदा म्हणाला होतात ते कशाच्या जोरावर?

उत्साही : जीवघेणे दोष गेले हे खरं. प्रश्न सौम्य दोषांचा आहे. प्रथिनात जरासा बिघाड करणारे, उत्पन्न अर्ध्या टक्क्यानं कमी करणारे, असे. ते उघडे पडूनही मरत नाहीत, कारण निवडीची धार त्यांच्यापुरती बोथट झालेली असते. याची दोन कारणं. पहिलं संख्येचं. परपरागणाच्या हजार झाडांत एका जनुकाच्या दोन हजार स्वतंत्र प्रती असतात. पूर्ण स्वपरागणाच्या हजार झाडांत दोन्ही प्रती सारख्याच, म्हणून स्वतंत्र प्रती हजारच. जनुकांच्या दृष्टीनं लोकसंख्या निम्मी झाली. संख्या जितकी लहान, तितकं योगायोगाचं राज्य मोठं. शिवाय एका बियाण्यापासून नवी वसाहत उभी राहू शकते, त्यामुळे मधून मधून ती संख्या आणखी आकसते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, ती धानातही होते. पण दोन्ही गुणसूत्रं एकसारखी असतील तर देवाणघेवाणीतून नवं काही निघत नाही. चांगला बदल ज्या गुणसूत्रावर जन्मला, त्याच्या आजूबाजूचे सौम्य दोष त्याच्यापासून सुटत नाहीत. निवडक बियाण्याच्या पोत्यात तणाचं बी राहून गेलं की पोतं जाईल तिथं तेही जातं, तसं. चिकट भाताच्या ‘वॅक्सी’ या जनुकाभोवती पाहिलं, तर निवडीनं अडीच लाखांहून अधिक अक्षरांच्या पट्ट्यातली विविधता पुसून टाकली आहे. मक्यात, जिथं तुरा वर आणि कणीस खाली असतं आणि परागण वाऱ्यानं होतं, ‘टीबी-१’ या जनुकाजवळ माणसानं केलेल्या निवडीची खूण साठ ते नव्वद हजार अक्षरांत आटोपते. आणि हा दोनच जनुकांचा योगायोग नाही. चीनमधल्या ५१७ देशी धानवाणांच्या २०१० सालच्या अभ्यासात शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना धरून राहण्याचं अंतर लाखाच्या वर निघालं. देशी मक्यात ते हजार-दोन हजारांच्या आसपास असतं.

साशंक : अक्षरं एकत्र राहतात, हे मान्य. तो तर गणिताचाच निष्कर्ष आहे. पण त्यामुळे दोष साचतात, हे वेगळं विधान आहे, आणि त्यासाठी वेगळा पुरावा लागेल. माप ठाऊक आहे. जनुकात दोन प्रकारचे बदल होतात. मूक बदल, ज्यांनी प्रथिन तसंच राहतं, आणि प्रथिन बदलणारे बदल. मूक बदलांना निवड जवळपास हात लावत नाही. म्हणून दोन जातींमध्ये दुसऱ्या प्रकारच्या बदलांचं पहिल्या प्रकाराशी प्रमाण काढलं की निवड किती जागी होती ते कळतं. तुमचं म्हणणं खरं असेल तर स्वपरागणाच्या जातीत हे प्रमाण वाढायला हवं. मोहरीच्या कुळातली अ‍ॅरॅबिडॉप्सिस ही जोडी यासाठी आदर्शच. थॅलियाना स्वतःशी फळते, तिची बहीण लायरेटा परक्या परागावर अवलंबून. दोन्ही छोट्या वनस्पती, म्हणजे झाड-झुडपाचा घोळ नाही. २००२ मध्ये स्टीफन राइट आणि सहकाऱ्यांनी त्यांची जनुकं ताडून पाहिली, आणि अपेक्षित फरक काही ठळकपणे सापडला नाही. गणित जितक्या ठामपणे सांगतं तितक्या ठामपणे डीएनए सांगत नसेल, तर मी डीएनएवर विश्वास ठेवीन.

उत्साही : ठेवाच, पण त्याला पुरेसा वेळही द्या. दोन जातींमधला फरक हा लाखो वर्षांच्या बेरजेचा असतो. थॅलियानाचे पूर्वज त्यातला बराचसा काळ परपरागणानंच वाढले. स्वतःशी फळण्याची सवय त्या मानानं अलीकडची. बेरजेचा मोठा भाग जुन्या सवयीच्या काळात पडला असेल तर नव्या सवयीची खूण त्यात बुडून जाते. याच कुळातली कॅप्सेला घ्या. त्यातली रुबेला ही स्वपरागणाची जात ग्रँडिफ्लोरा या परपरागणाच्या जातीपासून दोन लाख वर्षांच्या आत फुटली. २०१३ साली तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आणि सौम्य दोष गाळण्याची निवडीची ताकद घटल्याचं त्यात दिसलं. आता मागं जाऊन विचारा, स्वपरागणाच्या बहुतेक जाती अशा कोवळ्या का? वनस्पतिशास्त्रज्ञ स्टेबिन्सनं १९५७ मध्ये म्हटलं होतं, की हा उत्क्रांतीतला पुढे न जाणारा रस्ता आहे. २०१० मध्ये गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी वांगं, टोमॅटो, मिरची यांच्या कुळाचा वंशवृक्ष घेऊन दाखवलं, की स्वतःचा पराग नाकारणाऱ्या वंशांतून जाती टिकण्याचा आणि फुटत जाण्याचा वेग जास्त आहे. तो नकार सोडणारे वंश पुष्कळ निर्माण होतात, आणि पुष्कळ संपतात. वृक्षावर ते टोकाच्या काटक्यांसारखे दिसतात, जुनी जाड फांदी क्वचितच. म्हणजे दोष पुरेसे साचलेले वंश मोजायला आपण जातो तेव्हा ते उरलेलेच नसतात.

साशंक : इथे मला थांबवलंच पाहिजे. पुरावा सापडला तर तुमचं खरं, आणि नाही सापडला तर पुराव्यासकट वंश नष्ट झाला म्हणून पुन्हा तुमचंच खरं? अशा विधानाला हरायला जागाच राहत नाही. वंश संपण्याची कारणंही अनेक. रोग आला आणि विविधता नव्हती म्हणून संपला असेल. त्यासाठी सौम्य दोषांचा ढीग लागत नाही. विविधतेचा अभाव आणि दोषांची साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही एकीचा पुरावा दुसरीच्या खात्यात टाकताय.

उत्साही : हा आक्षेप बरोबर आहे. मी तो वेगळा करतो. हरायला जागा हवी ना? ती जातीच्या आत आहे. दोन जातींमधली बेरीज हळू साचते, पण एकाच जातीत आत्ता फिरत असलेल्या बदलांवर सवयीचा परिणाम लवकर व्हायला हवा. स्वपरागण सुरू झालं की फिरत्या मूक बदलांच्या तुलनेत फिरत्या दोषांचा वाटा काही हजार पिढ्यांत वाढलाच पाहिजे. तो वाढला नाही तर मी चुकलो. आणि हे तपासायला धानासारखं कुटुंब नाही. इथल्या तळ्याबोड्यांच्या कडेनं, पाणथळीत जंगली धान आपोआप उगवतो. ओरायझा रुफिपोगॉन बहुवर्षायू, त्यात परपरागण बरंच. ओरायझा निवारा, म्हणजे आपला नीवार, १९६५ मध्ये शर्मा आणि शास्त्री यांनी वेगळी जात म्हणून वर्णन केलेला. तो वर्षायू आणि बहुतांश स्वतःशी फळणारा. आणि तिसरा बांधीतला धान, स्वपरागणाचाच, पण माणसाच्या निवडीतून गेलेला. तिघांची तुलना केली की माणसाचा परिणाम आणि फुलाचा परिणाम वेगळे करता येतात. निवारात दोषांचा वाटा रुफिपोगॉनपेक्षा जास्त निघाला तर ते फुलाचं काम. निवारापेक्षाही धानात जास्त निघाला तर तो वरचा हिस्सा माणसाच्या निवडीचा. लिऊ, गॉट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आशियाई धानाच्या जनुकसंचातले असे दोष मोजले. लागवडीखालच्या धानात त्यांचा वाटा वाढलेला आहे, आणि त्यामागे स्वपरागणाकडे झुकलेल्या सवयीचाही हात आहे, असा त्यांचा कल होता.

साशंक : तुमची तिहेरी तुलना कागदावर निर्दोष आहे. बांधीत नाही. त्याच २०१७ साली दुसऱ्या एका गटानं दाखवलं, की आशियातला जंगली धान आता शुद्ध जंगली राहिलेलाच नाही. शेकडो पिढ्या तो लागवडीच्या धानाचे पराग घेत आलाय, आणि त्यातला काही तर शेतातून पळून पुन्हा रानटी झालेला धानच आहे. यात तुमच्याच सिद्धान्तानं तुमचा पाय धरलाय. बांधीतला धान दार लावून बसतो, त्यामुळे त्याच्यात परका पराग सहसा शिरत नाही. पण जंगली धानाची कुक्षी मोठी, बाहेर आलेली, परकं घ्यायला तयार. म्हणून जनुकांचा ओघ एकाच दिशेनं, शेतातून रानाकडे. ज्याला तुम्ही तुलनेचा स्वच्छ आधार म्हणताय, तोच फुलाच्या सवयीमुळे गढूळ झालाय. आणि याहून मोठी हरकत आहे. ‘दोष’ कुणी ठरवला? संगणक पाहतो, की एखादं अक्षर अनेक जातींत युगानुयुगं तसंच राहिलंय, आणि इथं ते बदललंय. म्हणून तो बदल बहुधा अपायकारक, अशी नोंद होते. या न्यायानं ‘आरसी’मधली १४ अक्षरांची गळती अपायकारक ठरेल. ‘एसडी-१’चा तुटलेला तुकडाही. मोडलेली जनुकंच आहेत ती. ज्या बदलांनी भात पांढरा झाला, धान वाऱ्यात लोळायचा थांबला, ते तुमच्या दोषांच्या यादीत बसतात. रानातल्या जगण्याला जे अपायकारक, तेच बांधीत हवंसं. मग दोष साचले असं म्हणायचं की गरज बदलली असं?

उत्साही : पहिल्या हरकतीपुढे मी मान तुकवतो. जंगली धान पूर्ण निर्भेळ धरून काढलेला कोणताही आकडा मी यापुढे जपून वापरीन. दुसऱ्या हरकतीचा अर्धा भाग मान्य. माणसाला हवे असलेले मोडके बदल यादीत येतात, पण ते मोजके. उरलेले हजारो बदल कुणाला हवे म्हणून टिकले असतील असं मला वाटत नाही. त्यासाठी संगणकाबाहेरचा एक पुरावा देतो. संकरित धान. धान स्वतःशी फळणं थांबवत नाही, म्हणून संकरासाठी नर-वंध्य रोप लागतं. १९७० साली चीनच्या हायनान बेटावर धानसंशोधक युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना जंगली धानात असं एक रोप सापडलं आणि मग संकरित धान शक्य झाला. दोन शुद्ध वाणांचा संकर दोघांपेक्षा जास्त पिकतो. शुद्ध वाणांत काहीच उणं नसतं तर हे झालं असतं का? एकाचे सौम्य दोष दुसऱ्याच्या चांगल्या प्रतीमागे झाकले जातात, हे त्याचं सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. दोष बांधीत, क्विंटलमध्ये मोजता येतात.

साशंक : सरळ असेल, पण एकमेव नाही. दोन वेगळ्या प्रती एकत्र असण्यातच काही ठिकाणी फायदा असू शकतो. निरनिराळ्या जनुकांच्या जुळणीतूनही तो येतो. संकराची वाढ ही अनेक कारणांची बेरीज आहे. आणि संकरित धानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट तुमच्या बाजूनंच सांगतो, कारण ती मला महत्त्वाची वाटते. संकराचं बी पुढच्या वर्षी विस्कटतं, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. एचएमटीचं बी विस्कटत नाही. एका शेतकऱ्यानं दुसऱ्याला पायलीभर दिलं की ते तसंच पिकतं. म्हणूनच तो धान विदर्भाच्या बाहेर इतका पसरला, आणि म्हणूनच पसरताना त्याच्या मागे निवडणाऱ्याचं नाव राहिलं नाही, मोबदलाही नाही. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. त्यांचं आयुष्य, २०१८ मध्ये ते गेले तोवर, हलाखीतच गेलं. शेतकऱ्याचा हक्क मानणारा कायदा २००१ चा, त्यांच्या तीन लोंब्या १९८३ च्या. फुलाच्या मिटण्यानं बियाणं सगळ्यांचं झालं. हा परिणाम मला जनुकांच्या अक्षरांइतकाच खरा वाटतो, आणि तो मोजायला संगणक लागत नाही.

उत्साही : हे मी कधी असं जोडून पाहिलं नव्हतं. मग त्याची दुसरी बाजूही पाहू. उभ्या धानात इथं लाखोळी फेकतात, आणि धुऱ्यावर तूर लावतात. दोन्हींवर मधमाश्या येतात. पायांत लुळेपणा आणणारं विष कमी असलेली लाखोळी पैदासकारांनी काढली. पण शेजारी जुनी लाखोळी असेल तर परागाबरोबर तो गुण पुन्हा शिरतो, आणि शेतकऱ्यानं घरी राखलेल्या बियाण्यावर भरवसा राहत नाही. त्याच धुऱ्याच्या आत धानाचं बी वर्षानुवर्षं जसंच्या तसं. एकाच कुटुंबानं, एकाच हातानं राखलेली तीन बियाणी, आणि तिघांच्या जनुकांचं भवितव्य तीन प्रकारचं. म्हणून मला वाटतं, सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी, जिथं ‘सिंदेवाही-२००१’सारखी वाणं घडली, तिथं फक्त वाण शुद्ध ठेवून भागायचं नाही. देशी धानांचे अनेक वंश शेजारी शेजारी राखले पाहिजेत, आणि त्यांचे हेतुपूर्वक संकर केले पाहिजेत. धान स्वतः अडकलेली जनुकं सोडवत नाही. ती सोडवायला कुणीतरी सकाळी परागकोश काढून, चिमट्यानं दुसरा पराग टाकला पाहिजे. आपण ज्याला वाण म्हणतो ते असंच, मिटलेलं फूल अधूनमधून हातानं उघडल्यामुळे पुढे गेलं आहे.

साशंक : करा, आणि त्याच कामात तुमच्या माझ्या वादाचा निकालही थोडा लागेल. एचएमटी घ्या, एखादा लांबचा देशी धान घ्या, संकर करा, आणि त्याची संतती सात-आठ पिढ्या न निवडता स्वतःशी फळू द्या. प्रत्येक रोपापासून फक्त एक दाणा पुढे. त्या वंशांत तुमच्या यादीतल्या ‘दोषां’ची अक्षरं वेगवेगळ्या जुळण्यांत विखुरली जातील. मग इथल्याच बांधीत, इथल्याच पावसात, तुडतुड्यांत नि करप्यात त्यांना पिकवा. जितके दोष जास्त तितकं उत्पन्न कमी असं निघालं, तर संगणकाची यादी बांधीला लागू आहे हे मी मान्य करीन. काहीच संबंध निघाला नाही, तर ज्याला तुम्ही दोष म्हणता ती फक्त रानातल्या जगण्याची जुनी अक्षरं होती असं तुम्ही मानावं. आणि यातही एक अडचण मला आत्ताच दिसतेय. पोषक माती, खत, भरपूर पाणी असलेल्या बांधीत दोष दिसणारच नाहीत कदाचित. कोरडवाहू, उशिरा रोवणी झालेल्या, दीड एकराच्या बांधीत दिसतील. प्रयोग कोणत्या बांधीत करायचा, हे आधी ठरवावं लागेल.

उत्साही : दोन्हींत.

साशंक : दोन्हींत करा. पण दोन्हींचे निकाल वेगळे आले, तर ‘दोष’ या शब्दाची व्याख्या कोणत्या बांधीवरून करायची, यावर आपल्याला पुन्हा बसावं लागेल.